दाराची पाळी : नागपुरातल्या एका कॉन्व्हेंटचं प्रकरण

सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षकाचं काम म्हणजे दिवसभर चिठ्ठ्या. कोणाला औषधासाठी, कोणाला रक्तासाठी, कोणाला योजनेच्या कागदांसाठी, आणि बाहेरगावच्यांना डोकं टेकायला जागा मिळावी म्हणून. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी मी अशीच एक चिठ्ठी लिहिली. रुग्ण गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या बाजूची, चाळिशीतली बाई. जबड्याचा कॅन्सर, खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, सवय लग्नाच्या आधीपासूनची. सोबत नवरा आणि सासू. सोमवारपासून रेडिएशन सुरू व्हायचं होतं. चिठ्ठीवर कॉन्व्हेंटचा पत्ता लिहिला, सही केली आणि म्हणाले, "रविवारी संध्याकाळपर्यंत पोहोचा. सिस्टर घेतील तुम्हाला." मग सिस्टरांना फोन करायचा होता. तो राहून गेला.

त्या रविवारी ते तिघं रात्रभर कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर झोपले.

हे प्रकरण त्या रात्रीचं आहे. त्यानंतर पाच जणींच्या त्या घरानं आपली प्रार्थना आणि आपलं दार यांची घडी कशी बदलली, त्याचंही आहे. सिस्टरांच्या संघाचं नाव, वस्तीचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

घर

नागपुरात कॉन्व्हेंट म्हटलं की शाळाच डोळ्यांसमोर येते. "पोरगी कॉन्व्हेंटला जाते" म्हणजे के.जी.ला जाते, इतका तो शब्द इथे रुळलेला आहे. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ सालचा, १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. मोहननगरचं कॅथेड्रल आणि सेमिनरी हिल्स ही नावं ऑटोवाल्यांच्या तोंडी असतात. पण ज्या घराला शाळा नाही, दवाखाना नाही, प्रार्थना आणि पाहुणे एवढंच ज्याचं काम आहे, असंही कॉन्व्हेंट असतं हे मला या नोकरीत येईपर्यंत माहीत नव्हतं.

या घराची गरज का पडते, ते आधी सांगते. जबड्याच्या कॅन्सरचं रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतं. रोजचं काम काही मिनिटांचं, त्यामुळे वॉर्डात भरती करत नाहीत. आरमोरीहून उमरेड-भिवापूर-नागभीड-ब्रह्मपुरीच्या रस्त्यानं रोज येणं-जाणं शक्य नाही. मग लोक दवाखान्याच्या आवारात, झाडाखाली, जिन्याखाली दिवस काढतात. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं. तोंड आतून सोललेलं, गिळताना डोळ्यांतून पाणी येतं, आणि त्यात हे असं राहायचं. कित्येक जण उपचार अर्ध्यावर सोडून गावी जातात. दवाखान्याच्या कागदावर त्याचं कारण "रुग्ण आला नाही" एवढंच लिहिलं जातं.

कॉन्व्हेंटच्या मागच्या बाजूला सहा खोल्या, चौदा खाटा, दोन कूलर आणि एक सामाईक स्वयंपाकघर आहे. गॅस घरचा, शिधा ज्याचा त्यानं आणायचा, नसेल तर सिस्टर देतात. पैसे ऐपतीप्रमाणे डब्यात टाकायचे. डब्यात कोणी डोकावत नाही. आत खर्रा आणि दारू चालत नाही. पुरुषांची झोपायची खोली वेगळी, पुढच्या अंगाला.

आणि कोणालाही प्रार्थनेला बोलावायचं नाही, हा त्या घराचा सगळ्यात कडक नियम. चॅपेलचं, म्हणजे घरातल्या छोट्या प्रार्थनागृहाचं, दार उघडं असतं, कोणाला बसावंसं वाटलं तर बसावं. खोल्यांत लोक आपापले देव मांडतात. एकदा एका मुसलमान आजोबांनी नमाजाची दिशा विचारली, तर सिस्टरांनी अंगणात जाऊन, मावळतीचा अंदाज घेऊन, त्यांच्यासाठी चटई टाकून दिली. "सिस्टर बाटवतील का?" असं मला दर महिन्याला कोणीतरी हळूच विचारतं. इतकी वर्षं लोकांना तिथे पाठवते आहे, म्हणून मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन "नाही" म्हणू शकते.

आता त्यांच्या दिवसाबद्दल, कारण ते कळल्याशिवाय त्या रात्रीबद्दल नुसता राग येईल. मला आला होता. बोलताना आपण सगळ्यांनाच नन म्हणतो, पण चर्चच्या भाषेत मठाच्या भिंतीआड राहणाऱ्या त्या नन आणि लोकांत मिसळून काम करणाऱ्या त्या सिस्टर. या पाचही जणी सिस्टर. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतलेल्या. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत ६६३ वं कलम आहे: व्रतस्थांचं पहिलं कर्तव्य ईश्वराचं चिंतन आणि प्रार्थनेतून त्याच्याशी जोडलेलं राहणं. बाकीची सगळी सेवा त्यानंतर. पहाटे साडेचारला उठणं, मौन चिंतन, प्रभातवंदना, मिस्सा (चर्चची मुख्य उपासना), दुपारी बाराला पुन्हा चॅपेल, संध्याकाळी साडेसहाला रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) आणि सायंप्रार्थना, साडेआठला निशाप्रार्थना. बायबलमधल्या दीडशेपैकी बहुतेक सगळी स्तोत्रं चार आठवड्यांच्या चक्रात वाटलेली असतात, ती आळीपाळीनं दोन बाजूंनी म्हणतात. निशाप्रार्थनेनंतर सकाळपर्यंत महामौन. कामाचं बोलणंसुद्धा नाही.

म्हणजे बाहेरगावच्या गाड्या जेव्हा गणेशपेठच्या स्टँडवर लागतात, नेमक्या त्याच वेळी हे घर चॅपेलमध्ये असतं. हा पेच जुनाच होता. तो एका बाईच्या अंगावर निभावत होता, म्हणून कोणाला दिसत नव्हता.

दारावरच्या सिस्टर

घरात सगळ्या त्यांना असंच म्हणतात, मीही तेच म्हणते. वय एकसष्ट. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. व्रत घेऊन पस्तीस वर्षं झाली, त्यातली शेवटची नऊ या दारावर. पहिल्या वर्षी एका भंडाऱ्याच्या बाईनं "सिस्टर, सांबार आहे का थोडा?" असं विचारलं, तर त्यांनी इडलीबरोबर असतं ते सांबार मिळेल का म्हणून कोपऱ्यावरच्या हॉटेलात माणूस पाठवला होता. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. तेव्हापासून त्यांनी एक वही धरली. एका बाजूला इकडचे शब्द, दुसऱ्या बाजूला माणसांच्या गरजा: कोणाची गोळी किती वाजता, कोणाला तिखट चालत नाही, कोणाला अंधाराची भीती वाटते म्हणून पडवीतला दिवा रात्रभर ठेवायचा.

पडवीच्या भिंतीवर दोन मजकूर शेजारी-शेजारी रंगवलेले आहेत. एक मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातला: मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतलं. दुसरा गाडगेबाबांच्या दशसूत्रीतला: भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, बेघरांना आसरा. साइनबोर्ड रंगवणारा एक पेंटर आईला घेऊन इथे राहिला होता, जाताना त्यानं दोन्ही लिहून दिले. शुभवर्तमानातली ओळ सिस्टरांनी सांगितली होती, गाडगेबाबांची त्यानं स्वतःच सुचवली. सिस्टर मला म्हणाल्या, "बघा ताई, यादी तीच आहे."

ती रात्र

गाडी वाटेत खोळंबली. गणेशपेठला उतरायला साडेआठ झाले. पत्ता विचारत, चालत, फाटकाशी पोहोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. निशाप्रार्थना संपलेली, घर मौनात. दारावरच्या सिस्टर तापानं फणफणून सातलाच झोपल्या होत्या. दार कोण बघणार हे कोणी कोणाला विचारलं नाही, कारण नऊ वर्षांत ते विचारायची वेळच आली नव्हती.

घंटा वाजली. कूलरच्या घरघरीत तिघींना ऐकू आली नाही. चौथीला आली. ती घरातली सगळ्यात लहान, सव्वीस वर्षांची, तात्पुरती व्रतं घेतलेली. चर्चच्या नियमाप्रमाणे कायमचं व्रत घेण्याआधी किमान तीन वर्षं अशी तात्पुरत्या व्रतांची काढावी लागतात. तिचं दुसरं चालू होतं. महामौन मोडायचं नाही, वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय रात्री दार उघडायचं नाही, असं तिला शिकवलेलं. ती खाटेवर उठून बसली. घंटा दुसऱ्यांदा वाजली. ती वाट बघत राहिली, की कोणीतरी जाईल.

तिसऱ्यांदा वाजली नाही.

नंतर मी त्या बाईच्या नवऱ्याला विचारलं, अजून का नाही वाजवली? तो खाली बघत म्हणाला, "दोनदा वाजवली जी. तिसऱ्यानं वाजवाची लाज वाटली. बाया-माणसाचं घर, झोपले असतीन." मी कामाच्या ठिकाणी रडत नाही, त्या दिवशी उठून बाहेर गेले. आपल्या लोकांना दार ठोठावायचीही लाज वाटते, आणि आमच्या सगळ्या व्यवस्था ज्याला ठोठावता येतं त्याच्यासाठीच केलेल्या आहेत.

पहाटे पावणेपाचला दारावरच्या सिस्टर ताप असतानाच फाटकाचं कुलूप काढायला गेल्या. कडुनिंबाखाली सतरंजी, तिच्यावर तिघं. सासू जागी होती, सुनेला पदरानं वारा घालत. सिस्टर काही बोलल्या नाहीत, त्यांच्याजवळ खाली जमिनीवर बसल्या. मग पडवीत बादली आणून ठेवली, पाय धुवायला. आपल्या गावाकडे पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देतात, तसंच. चहा केला, पण रुग्णाला गरम चालेना. बशीत ओतून फुंकर घालून निववला, तरी झोंबला. तेव्हा तांदळाची पेज केली, मीठही बेतानं, गाळणीतून गाळली, आणि चमच्यातला थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघितला, बाळाच्या दुधाचा बघतात तसा. वाटीभर पेज संपायला पाऊण तास लागला. प्रभातवंदना तोवर होऊन गेली होती. सासूनं हे सगळं मला सोमवारी दुपारी सांगितलं, एकेक करून, तक्रारीचा एक शब्द न काढता.

बैठक

मी सोमवारी संध्याकाळी तिथे गेले ती भांडायच्या तयारीनं. दारावरच्या सिस्टरांनी मला बसवलं आणि एक जुनी वही-पुस्तकासारखी प्रत पुढे ठेवली. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात इटलीत मठासाठी लिहिलेली नियमावली, ७३ छोटी प्रकरणं. यांचा संघ बेनेडिक्टचा नव्हे, पण पाश्चात्त्य ख्रिस्ती मठजीवनाचा पाया तीच नियमावली, आणि नवशिक्या सिस्टरांना ती वाचायला देतात. त्र्याहत्तरपैकी त्रेचाळिसावं प्रकरण सांगतं की ईश्वराच्या उपासनेपुढे कशालाही स्थान देऊ नये. त्रेपन्नावं सांगतं की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला साक्षात ख्रिस्त समजून घरात घ्यावं, आणि गरीब व वाटसरू यांची सगळ्यात जास्त काळजी घ्यावी. एकाच माणसानं ही दोन्ही वाक्यं लिहिली. मी म्हटलं, सिस्टर, मग त्या रात्री कुठलं खरं धरायचं?

त्यांनी बेचाळिसावं प्रकरण उघडलं. ते रात्रीच्या मौनाचं आहे. निशाप्रार्थनेनंतर कोणी बोलू नये, बोलल्यास शिक्षा, असा कडक मजकूर, आणि पुढे अपवाद: पाहुण्यांची गरज पडली तर गोष्ट वेगळी. "त्या पोरीला आम्ही मौन शिकवलं," त्या म्हणाल्या. "ही ओळ शिकवली नाही. चूक तिची नाही."

दोन दिवसांनी पाचही जणी बसल्या. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं, कारण फोनची चूक माझी होती आणि ती मी आधीच कबूल केली होती. चौकीदार ठेवायचा विचार निघाला. पगार झेपेना, आणि बायकांच्या घरात रात्री पुरुष माणूस नको असं ठरलं. सातनंतर पाहुणे घ्यायचेच नाहीत, असं एकीनं सुचवलं. मी गाड्यांच्या वेळा सांगितल्या, तो विषय तिथेच थांबला. मदर सुपीरियरचं, म्हणजे घराच्या प्रमुख सिस्टरांचं, म्हणणं होतं की काही झालं तरी प्रार्थनेची वेळ विस्कटता कामा नये. हे मला तेव्हा हट्टी वाटलं. आता वाटत नाही. दिवसभर आजारी माणसांत राहून, त्यांची मरणं बघून या बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा हसतमुखानं दार उघडतात, याचं कारण ती स्तोत्रंच आहेत हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्याकडे दोन-तीन वर्षांत माणसं कोरडी पडतात.

बेनेडिक्टच्या तिसऱ्या प्रकरणात म्हटलं आहे की महत्त्वाच्या कामी सगळ्यांना बोलवावं, कारण बरेचदा ईश्वर सगळ्यात लहानालाच बरं काय ते सुचवतो. मदरनी ते आठवून धाकट्या सिस्टरला विचारलं. ती तोवर रडून रडून गप्प झालेली. म्हणाली, "घंटा चॅपेलमध्ये आणा. सगळ्यांना ऐकू येऊ दे. आणि कोणी उठायचं ते आधी ठरवा, म्हणजे कोणी वाट बघत बसणार नाही."

ठरलं तेच. फाटकापासून वायर ओढून एक घंटा चॅपेलच्या दाराशी, दुसरी झोपायच्या खोल्यांच्या बोळात. दाराची पाळी रोज एकीची. ती मागच्या बाकावर बसते, घंटा झाली की उठते, बाकीच्या स्तोत्र थांबवत नाहीत. रात्रीही तीच उठते आणि बोलते, मौन तिला लागू नाही. माझ्याकडून इतकंच की पाचच्या आत फोन गेल्याशिवाय चिठ्ठी द्यायची नाही, आणि चिठ्ठीवर लिहायचं: दार उघडेपर्यंत घंटा वाजवा.

पाळीला विरोध झाला तो फक्त दारावरच्या सिस्टरांचा. याची मला अपेक्षा नव्हती. "मी आहे ना," एवढंच त्या म्हणत राहिल्या. तेव्हा मदरनी सहासष्टावं प्रकरण वाचून दाखवलं. मठाच्या दारावर शहाणं, वयस्कर माणूस असावं. कोणी ठोठावलं की "देवाचे आभार" म्हणून उत्तर द्यावं. आणि मदत लागली तर हाताशी एखादा तरुण भाऊ द्यावा. ही शेवटची ओळ सगळ्यांनीच कित्येकदा वाचलेली होती. नंतर पडवीत त्या मला म्हणाल्या, "ताई, दार माझं झालं होतं. मी आजारी पडले तर ते उघडणारच नाही, इतकं माझं." त्यांच्यासारख्या बाईनं हे स्वतःहून म्हणावं, याला फार बळ लागतं.

पुढचे आठवडे

पहिल्याच संध्याकाळी घंटा चार वेळा वाजली. दोनदा पाहुणे, एकदा दूधवाला, एकदा गल्लीतली पोरं वाजवून पळाली. पुढे पोरांना धाकट्या सिस्टरनं पकडलं आणि खोल्यांना पाणी भरायला लावलं, तेव्हापासून ती घरचीच झाली. पाळीवाली उठून गेली आणि परतली की सुटलेल्या ओळी मागाहून एकटीनं म्हणते. सगळ्यात अवघड गेलं ते दारावरच्या सिस्टरांना, पाळी नसलेल्या दिवशी. "घंटा झाली की पाय आपोआप उठतात हो. गुडघ्यावर हात दाबून बसते."

आरमोरीच्या बाईचं रेडिएशन साडेसहा आठवडे चाललं. मधे धानाचे पऱ्हे (रोपांसाठी बी) टाकायचे दिवस आले आणि नवऱ्याला गावी जावं लागलं. शेवटचे पंधरा दिवस सासू-सून दोघीच होत्या, त्यांच्यासोबत ऑटोत रोज कोणीतरी सिस्टर असायची. सासू संध्याकाळी चॅपेलच्या मागच्या बाकावर जाऊन बसायची. तिथे पवित्र साक्रामेंताजवळ, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर ठेवतात तिथे, लाल काचेतला दिवा रात्रंदिवस तेवत असतो. तिनं पहिल्याच दिवशी तो ओळखला. "नंदादीप हाय हा," ती म्हणाली, आणि मग रोज बसत गेली. कोणी तिला काही सांगितलं नाही, तिनंही काही विचारलं नाही. रविवारी निशाप्रार्थनेत ९१ वं स्तोत्र असतं, रात्रीच्या भयाला भिऊ नकोस असं सांगणारं. ते सिस्टर मराठीत म्हणायच्या तेव्हा ती हात जोडायची.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या गावी गेल्या. उपचार पूर्ण झाले. दिवाळीनंतरच्या तपासणीला तिघंही आले, नव्या तांदळाची पिशवी घेऊन, आणि या वेळी मी आदल्या दिवशी फोन केलेला होता. तपासणीत त्या वेळी तरी काही वाईट निघालं नाही. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. खाटा चौदाच आहेत, आणि भरल्या की पंधराव्याला परत पाठवावं लागतं. तेव्हा पाळीवालीनं काय सांगायचं, यावर अजून त्यांचं एकमत नाही. एका रात्री दारू पिऊन आलेल्या नातेवाइकाला धाकट्या सिस्टरनं आत घेतलं नाही, त्याची बायको मात्र आत होती. त्यावर घरात दोन दिवस वाद झाला. मला तिचं पटलं होतं, दारावरच्या सिस्टरांना पटलं नव्हतं.

आणि आता बदलीचं पत्र आलं आहे. सिस्टर लोकांच्या बदल्या होतातच, आज्ञापालनाचं व्रत आहे. येत्या जूनमध्ये दारावरच्या सिस्टरांना दुसऱ्या घरी जायचं आहे. मी वरपर्यंत विनंतीपत्र द्यायची तयारी केली होती, त्यांनी ते लिहू दिलं नाही. सध्या रोज दुपारी बाराची प्रार्थना झाली की त्या धाकटीला घेऊन पडवीत बसतात, आणि ती जुनी वही धाकटी आपल्या अक्षरात उतरवून घेते. मी परवा गेले तेव्हा त्या चौथ्या वर्षाच्या पानांवर होत्या.